फ्लो, प्रवाह आणि ओघ

नदी एकच असली तरी तिच्या वाहण्यास एकच नांव पुरत नाहीं. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशच्या सीमेलगत, बपेरा हें गांव आहे. हा बावनथडी नदीचा मुलूख होय. शिवनीच्या डोंगराळ प्रदेशांत उगम पावून ही नदी खालीं येते, कांहीं अंतरापर्यंत बालाघाट व भंडारा या दोन जिल्ह्यांची सीमा होते आणि पुढें वैनगंगेस मिळते. अशा नदीकांठीं राहणाऱ्या माणसास पाण्याची चाल ओळखल्याशिवाय संसार करितां येत नाहीं. जमिनींतून थेंबथेंब येतो तो पाझर. खडकांतून सतत निघतो तो झरा. पावसाबरोबर जन्मून पावसाबरोबर आटतो तो ओहोळ. बाराही महिने कमीअधिक चालतो तो नाला. उन्हाळ्यांत वाळूच्या मधून नदीची राहते ती धार, श्रावणांत तिला येतो तो ओघ, आणि वरच्या अंगास ढग फुटला म्हणजे येतो तो लोंढा. पूर चढतो, पूर थांबतो, पूर ओसरतो. या तिन्ही अवस्थांची क्रियापदें निरनिराळीं आहेत, कारण प्रत्येक अवस्थेंत माणसाचें कर्तव्य निराळें आहे.

याच गांवचा मुलगा शाळेंत इंग्रजी शिकूं लागला म्हणजे त्यास या सर्वांच्या ठिकाणीं प्रथम एकच शब्द भेटतो. तो शब्द 'फ्लो'. इंग्रजी भाषेंतही पाझरण्यास, ठिबकण्यास, उसळण्यास स्वतंत्र क्रियापदें आहेत, हें खरें. परंतु सर्वसामान्य शब्द 'फ्लो' हाच होय, आणि आमच्या कचेऱ्या, कारखाने व पाठ्यपुस्तकें यांत शिरला तोही हाच. हा शब्द कोठून आला, मराठीनें त्याचें स्वागत कसें केलें आणि त्यांत लाभ किती व हानि किती झाली, हें पाहणें केवळ पंडितांच्या करमणुकीचा विषय नाहीं. त्याशीं नदीकांठच्या माणसाच्या घरादाराचा संबंध आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. १७८६ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या, असें प्रतिपादन केलें. पुढें १८२२ सालीं याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें वर्णांच्या पालटाचा एक नियम मांडून दाखविला. संस्कृतांत जेथें 'प' आहे तेथें इंग्रजींत बहुधा 'फ' सांपडतो. पितृ म्हणजे 'फादर', पाद म्हणजे 'फुट', पूर्ण म्हणजे 'फुल'. याच नियमानें पाहतां 'फ्लो' या शब्दाचा संस्कृत भाऊबंद 'प्लु' हा धातु ठरतो. त्याचा अर्थ पोहणें, तरंगणें, पाण्यावरून जाणें. त्यापासून होडी या अर्थाचा 'प्लव' झाला, पाण्यानें भरून गेलेलें तें 'आप्लावित' झालें, आणि सर्व कांहीं उलथेंपालथें होणें याला 'विप्लव' हें नांव मिळालें. पुराला इंग्रजींत 'फ्लड' म्हणतात. तोही त्याच घरांतला.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. 'फ्लुइड' म्हणजे द्रव, 'फ्लुअंट' म्हणजे अस्खलित बोलणारा आणि 'इन्फ्लुएन्स' म्हणजे वजन किंवा प्रभाव, हे शब्द 'फ्लो'चेच पुत्र असावेत असें कोणासही वाटेल. पण ते त्याचे कोणी नव्हेत. त्यांचें मूळ लॅटिनमधील 'फ्लुएरे' हें क्रियापद असून त्याचा धातु वेगळा आहे. नांव सारखें म्हणून नातें सारखें, असें मानूं नये, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा. याच लॅटिन कुळांतून इटालियन भाषेच्या द्वारें 'इन्फ्लुएंझा' हा शब्द निघाला. ग्रहताऱ्यांचा अनिष्ट प्रभाव माणसांवर ओघळतो व त्यानें साथ पसरते, अशी जुनी समजूत त्याच्या पोटीं आहे. १९१८ सालीं ती साथ महाराष्ट्रांत आली, तेव्हां लोकांनीं ग्रहांचा विचार न करितां रोगाचें लक्षण पाहिलें आणि तिचें नांव 'मानमोडी' ठेविलें. परका शब्द कानावर आला असतांही आपल्या अनुभवावरून नांव देण्याची ही रीति ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

इंग्रजींतील 'स्ट्रीम' या शब्दाचें नातें आमच्या 'स्रु' धातूशीं आहे, म्हणजे 'स्रोत' आणि 'स्राव' हे त्याचे सगे होत. उलट मराठीचें नेहमींचें क्रियापद 'वाहणें' हें 'वह्' धातूपासून आलें. त्या धातूचे इंग्रजी सोयरे नदीवर भेटत नाहींत, रस्त्यावर भेटतात. ते म्हणजे 'वे' आणि 'वॅगन'. यांत दोन्ही भाषांच्या दृष्टींतील फरक दिसून येतो. 'फ्लो' म्हणतांना मूळ कल्पना तरंगण्याची, भरून येण्याची आहे. 'वाहणें' म्हणतांना मूळ कल्पना नेण्याची आहे. म्हणूनच मराठींत नदी वाहते, बैल ओझें वाहतो आणि भक्त देवाला फूल वाहतो, क्रियापद एकच. नदी ही ओझें नेणारी आहे, हा अर्थ या शब्दानें जपून ठेविला आहे. गाळ, वाळू, लाकूडफांटा आणि कधीं कधीं उभें पीकही ती नेते, हें कांठच्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं.

इंग्रजी 'फ्लो' आरंभीं पाण्याचाच होता. भरतीओहोटीच्या वर्णनांत तो भरतीच्या बाजूस उभा राहिला. मग केंस, वस्त्र व वाणी यांना तो लागूं लागला. तथापि या शब्दाचा खरा विस्तार विज्ञानानें केला. १६२८ सालीं विल्यम हार्वे यांनीं रक्त शरीरांत फिरत असतें, हें सिद्ध केलें. १७३८ सालीं डॅनिएल बर्नूली यांचा वाहत्या द्रवांच्या गतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच शतकांत वीज हा एक प्रकारचा द्रवच आहे अशी कल्पना बेंजामिन फ्रँकलिन प्रभृति शास्त्रज्ञांनीं केली, आणि १८०० सालीं व्होल्टा यांनीं सतत वीज देणारी घटमाला तयार केल्यावर त्या विजेच्या चालीला पाण्याचींच नांवें मिळालीं. वीज द्रव नाहीं, हें पुढें ठरलें. परंतु नांव बदललें नाहीं. अर्थशास्त्रानें पैसा वाहविला, कारखान्यानें माल वाहविला, आणि शेवटीं वाहन, माहिती व काम यांचाही 'फ्लो' झाला.

हा विस्तार चालू असतांनाच इंग्रजी आणि मराठी यांची गांठ पडली. १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला व १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. दरम्यान मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनीं पुरा केला व तो १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. या कोशकारांनीं शास्त्रीमंडळींच्या साह्यानें बोलीचे शब्द कसोशीनें वेंचले होते. परंतु हें सर्व कार्य मुंबई-पुण्याकडचें. वैनगंगेच्या खोऱ्यावर त्या काळीं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तो १८५४ सालीं खालसा झाला, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि इंग्रजी शब्द या भागांत आले ते मुख्यतः सरकारी दप्तर, बांधकामखातें व १८८० नंतरच्या दशकांतील रेल्वे यांच्या मार्फत. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रांत इंग्रजी शब्दाची भेट प्रथम कोशांत झाली, तर येथें ती हुकमांत झाली. हा भेद लहान नाहीं. कोशांत आलेला शब्द पर्याय विचारतो. हुकमांत आलेला शब्द आज्ञा करितो.

शास्त्रीय मराठीनें 'फ्लो'साठीं 'प्रवाह' हा शब्द पुढें केला. 'वह्' धातूला 'प्र' उपसर्ग जोडून तो सिद्ध झाला आहे, म्हणजे पुढें पुढें वाहत जाणें. शब्द निर्दोष, उच्चारास सोपा आणि समासांत बसणारा. विद्युत्प्रवाह, रक्तप्रवाह, विचारप्रवाह, रोखप्रवाह असे कितीतरी जोडशब्द त्यानें दिले. १९४८ सालच्या दाते-कर्वे यांच्या शास्त्रीय परिभाषा कोशानें व १९६० सालीं स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांनीं परिभाषेचें काम पद्धतशीर रीतीनें पुढें नेलें. साहित्यांतही हा शब्द फलदायी झाला. विल्यम जेम्स यांनीं १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत मनाच्या अखंड चालीला 'स्ट्रीम'ची उपमा दिली. त्या कल्पनेला मराठी टीकाकारांनीं 'संज्ञाप्रवाह' म्हटलें. १९४२ सालीं प्रसिद्ध झालेली बा. सी. मर्ढेकर यांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी त्या पद्धतीचें मराठींतील ठळक उदाहरण मानली जाते.

पण 'प्रवाह' सर्वत्र चालला नाहीं, आणि तें योग्यच झालें. शाळेच्या पुस्तकांत कामाचा क्रम दाखविणाऱ्या आकृतीला 'ओघतक्ता' म्हणतात. तेथें 'ओघ' हा जुना शब्द अगदीं चपखल बसला. नाण्यानोटांना मराठीनें 'चलन' म्हटलें, कारण पैसा आमच्याकडे वाहत नाहीं, चालतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानें १९९० सालीं 'फ्लो' याच नांवाचा ग्रंथ लिहून, कामांत देहभान विसरून जाण्याच्या अवस्थेचें विवेचन केलें. त्या अवस्थेला मराठींत पाण्याचा शब्द लागतच नाहीं. विणकराचा हात बसतो, अभ्यास करणाऱ्याची तंद्री लागते, भजन रंगतें. तेथें 'प्रवाह' घालणें म्हणजे भरल्या घरांत उसनी भांडीं आणणें होय. विजेच्या बाबतींत तर कोशाचा शब्द कोशांतच राहिला. खेड्यांत विद्युत्प्रवाह खंडित होत नाहीं, 'लाइन जाते'. आणि तारेला हात लागला तर 'करंट' बसतो.

शब्द स्वतःही वाहतात आणि पात्र बदलतात. संस्कृतांत 'स्रोत' म्हणजे वाहतें पाणी. आजच्या मराठींत 'जलस्रोत', 'ऊर्जास्रोत' असे शब्द लिहिले जातात, तेव्हां त्याचा अर्थ उगम असा असतो. म्हणजे हा शब्द प्रवाहाच्या उलट चढत जाऊन उगमापाशीं पोंचला. 'धारा' या शब्दाची गोष्ट सीमेवरच्या गांवांत विशेष लक्षांत येते. बावनथडीच्या पलीकडे हिंदी कारभारांत 'धारा' म्हणजे कायद्याचें कलम. कोंकण-देशावरच्या जुन्या दप्तरांत 'धारा' म्हणजे जमिनीचा सरकारी आकार. आणि दोन्ही कांठांच्या कवीला 'धारा' म्हणजे पाण्याची अथवा अश्रूंची. अक्षरें तींच, पण माणूस कोणत्या कचेरीच्या दारांत उभा आहे, यावर अर्थ ठरतो.

ही सीमाही पूर्वीपासूनची नव्हे. १८६७ सालीं बालाघाट जिल्हा निर्माण झाला, तेव्हां त्यांत भंडारा जिल्ह्याचा कांहीं भाग घालण्यांत आला. तरीही नदीचे दोन्ही कांठ एकाच प्रांतांत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा जिल्हा मुंबई राज्यांत गेला, आणि बावनथडी ही दोन राज्यांमधील रेषा झाली. १९६० सालीं एका कांठास महाराष्ट्र हें नांव मिळालें. लॅटिन भाषेंत ओढ्याला 'रिवुस' म्हणतात आणि एकाच ओढ्याचें पाणी वापरणाऱ्या शेजाऱ्यांना 'रिवालिस'. इंग्रजींतील प्रतिस्पर्धी या अर्थाचा 'रायव्हल' हा शब्द त्यापासूनच झाला. पाण्याचे वांटेकरी ते वैरी, असा अनुभव रोमन शेतकऱ्यांनीं शब्दांत गोठवून ठेविला. बावनथडीवर मात्र दोन्ही राज्यांनीं मिळून धरण बांधलें. राजीव सागर या नांवानें ओळखला जाणारा हा प्रकल्प महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांचा संयुक्त आहे. वांटेकऱ्यांनीं वैरी न होतांही राहतां येतें, याचें हें उदाहरण होय. परंतु त्यासाठीं एकमेकांचे शब्द समजावे लागतात.

पाण्याचे शब्द तयार करण्याची विद्या या जिल्ह्यांत फार जुनी आहे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणत आले, आणि त्या तलावांचें श्रेय मुख्यत्वें कोहळी समाजाच्या बांधकामकौशल्याकडे जातें. १९९९ सालापासून गोंदिया जिल्ह्यांत गेलेला नवेगांव बांध हा त्याच परंपरेंतला. या तलावांखालीं धानाची शेती होते. शेताच्या तुकड्याला 'बांधी' म्हणतात व दोन बांध्यांमधील मातीच्या वरंब्याला 'धुरा'. धुरा फोडून वरच्या बांधीचें पाणी खालच्या बांधींत सोडतात, आणि रोवणीच्या दिवसांत तें केव्हां व किती सोडावें यावर शेजाऱ्यांचें सख्य अवलंबून असतें. तलावाच्या ज्या बाजूनें जास्तीचें पाणी निघून जातें तो 'सांडवा'. हा शब्द ऐकतांच अर्थ कळतो, कारण 'सांडणें' घरोघरीं रोज घडतें. 'पाट', 'दंड', 'उपसा', 'पाणलोट' हे सर्व शब्द याच जातीचे. सरकारी परिभाषेनें जेथें असे शब्द उचलले तेथें तिला यश आलें. 'पाझर तलाव' म्हटल्यावर पाणी जमिनींत मुरविण्यासाठीं तो आहे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. 'उपसा सिंचन' म्हणजे खालचें पाणी वर काढून दिलेलें, हें मोट पाहिलेल्या पिढीस तत्काळ उमगलें. सोंड्याटोला येथील योजनेनें बावनथडीचें पाणी चांदपूरच्या जलाशयाकडे नेण्याची व्यवस्था झाली, तेव्हां योजना नवी असली तरी शब्द ओळखीचा होता.

याच्या उलट उदाहरण 'विसर्ग' या शब्दाचें. धरणांतून एका सेकंदांत किती पाणी सोडलें, हें सांगण्यासाठीं हा शब्द योजितात. शब्द चुकीचा नाहीं. 'विसर्ग' म्हणजे सोडणें. परंतु शाळेंत गेलेल्यास विसर्ग म्हणजे अक्षरापुढील दोन टिंबें, आणि शाळेंत न गेलेल्यास कांहींच नाहीं. त्यांत मापाचे शब्द इंग्रजी. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात् सुमारें २८.३ लिटर, पंधरा लिटरचे दोन डबे जवळजवळ भरतील इतकें पाणी. एक क्यूमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच १००० लिटर. तो ३५ क्यूसेकांहून थोडा अधिक भरतो. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आणि पाण्यांत पस्तीस पटींचा. सूचना वाचणारानें एकाच्या जागीं दुसरा उच्चारला, तर ऐकणारानें काय समजावें ?

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस या प्रश्नाचें गांभीर्य सर्वांस दिसलें. वरच्या अंगास, मध्यप्रदेशांत, अतिवृष्टि झाली. शिवनी जिल्ह्यांतील वैनगंगेवरील संजय सरोवरांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडण्यांत आलें. खालीं गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरासह वैनगंगेच्या कांठचीं अनेक गांवें पाण्यांत सांपडलीं आणि उभें धान बुडालें. पावसास कोणी शब्दांनीं अडवूं शकत नाहीं. परंतु दोन राज्यें, अनेक धरणें आणि तीन भाषा यांतून येणाऱ्या सूचनेला किती वळणें घ्यावीं लागतात, हें त्या पुरानें शिकविलें. कांठच्या माणसाला आंकडा नको असतो असें नाहीं. आंकडा आपल्या घाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत, आपल्या शेताच्या कोणत्या धुऱ्यापर्यंत आणि किती तासांत पोंचेल, हें त्यास हवें असतें. 'इतका विसर्ग' या दोन शब्दांपेक्षां 'पूर चढत आहे. सकाळपर्यंत पाणी पुलावर येईल' हें वाक्य त्याच्या अधिक कामाचें. त्या वाक्यांत एकही अपरिचित शब्द नाहीं.

यावरून इंग्रजी शब्द टाकून द्यावे, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. 'फ्लो' हा 'प्लु'चा भाऊ आहे. दूर देशीं गेलेला भाऊ परत आला तर त्याला दार बंद करण्याचें कारण नाहीं. 'करंट' आणि 'लाइन' हे शब्द आमच्या खेड्यांनीं आपखुशीनें घेतले आणि आपले केले. 'प्रवाह' या शब्दासही कोणी दोष देऊं नये; त्याच्यावांचून शास्त्र मराठींत आलें नसतें. दोष आहे तो एकाच शब्दावर सर्व भार टाकण्याचा. पाझर, ओहोळ, धार, ओघ, लोंढा या सर्वांच्या जागीं 'प्रवाह' लिहिणारी लेखणी चुकत नाहीं, पण ती पाण्याकडे पाहण्याचें सोडून देते. आणि जी भाषा पाण्याकडे पाहत नाहीं, ती पूर येण्यापूर्वीं सावध करूं शकत नाहीं.

यास्तव शाळांतून दोन्ही गोष्टी शिकवाव्या. मुलांस क्यूसेक म्हणजे किती डबे, हें गणितानें दाखवावें. आणि त्याच तासाला गांवच्या वृद्धांपासून वाहत्या पाण्याचीं जितकीं नांवें मिळतील तितकीं वहींत उतरवून घ्यावीं. कोशाचें हें काम आहे आणि नदीच्या शास्त्राचेंही आहे. नदीकांठच्या गांवांत भाषेचा धर्म एवढाच कीं, वरच्या खोऱ्यांतून पाणी निघालें म्हणजे त्याचें नांव, कळेल अशा रूपांत, पाण्याच्या आधीं गांवांत पोंचावें.